बंदर-दृश्य, प्रतिकृती-रेल्वेतील

प्रतिकृती-रेल्वेतील बंदर-दृश्य : प्रतिकृती-रेल्वेच्या मांडणीत समुद्र, खाडी किंवा नदी यांचा काठ, त्यावरील धक्का, गुदामे, याऱ्या, गलबते व धक्क्यापर्यंत आलेले रूळ यांचा ठराविक प्रमाणात लहान करून उभारलेला देखावा. प्रतिकृती-रेल्वे म्हणजे प्रत्यक्ष रेल्वेची प्रमाणबद्ध व चालती प्रतिकृती. ती प्रथम खेळणे म्हणून प्रचारात आली, पुढे प्रौढांचा छंद झाली आणि विसाव्या शतकात तिच्याभोवती निसर्ग, वस्ती व उद्योगधंदे यांचे चित्रण करणारी एक स्वतंत्र हस्तकला वाढली. या कलेत बंदर-दृश्याला मानाचे स्थान आहे. आगगाडीला माल पुरविणारे व तिच्याकडून माल घेणारे ठिकाण या नात्याने बंदर संपूर्ण मांडणीला प्रयोजन देते. शिवाय पाणी, लाकूड, लोखंड, दगड व दोर हे सर्व पदार्थ तेथे एकाच जागी आल्यामुळे कारागिराच्या कौशल्याची कसोटी लागते.

खारी हवा, भरती-ओहोटी, कोळशाचा धूर व मालाची सततची घासाघीस यांमुळे बंदरातील कोणतीही वस्तू फार काळ नवी राहत नाही. त्यामुळे प्रतिकृतीतील वस्तूंचे रंग विटविणे, त्यांवर गंज, शेवाळ, काजळी, ओल व झीज दाखविणे हा बंदर-दृश्याचा अविभाज्य भाग ठरला. या क्रियेस हौशी कारागिरांत ‘वेदरिंग’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत तिला ‘जीर्णसंस्कार’ असे म्हटले आहे. लहान केलेल्या जगात जागेबरोबर काळही दाखविता येतो काय, या प्रश्नाला कारागिरांनी दिलेल्या उत्तरांचा इतिहास म्हणजे जीर्णसंस्काराचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : बंदरांच्या प्रतिकृती रेल्वेपेक्षा पुष्कळ जुन्या आहेत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा युद्धमंत्री लूव्ह्वा याने १६६८ मध्ये राज्याच्या सीमेवरील तटबंदीयुक्त नगरांच्या प्रतिकृती करवून घेण्यास आरंभ केला. त्यांत अनेक बंदरांचा समावेश होता. या प्रतिकृती सामान्यतः १ : ६०० या प्रमाणात असून त्यांसाठी लाकूड, कागद, रेशीम व वाळू यांचा उपयोग केलेला आढळतो. त्यांचा मोठा संग्रह पॅरिस येथील अँव्हालीद या वास्तूत जतन करण्यात आला आहे. त्यांचा हेतू लष्करी होता. तोफांच्या माऱ्याची रेषा, तटाची उंची व पाण्याची सीमा अचूक असणे त्यांत महत्त्वाचे होते. भिंतीवरील ओल किंवा लाकडाची झीज दाखविण्याचे त्यांत कारण नव्हते. हीच परंपरा दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालू राहिली. २८ मार्च १९४२ रोजी ब्रिटिश सैन्याने फ्रान्समधील सँ नाझेर या बंदरावर छापा घातला, त्यापूर्वी सैनिकांना तेथील गोदीची ओळख प्रतिकृतीवरून करून देण्यात आली होती.

दुसरी परंपरा करमणुकीची. फ्रेंच चित्रकार दागेर याने १८२२ मध्ये पॅरिस येथे ‘डायोरामा’ नावाचे प्रेक्षागृह सुरू केले. प्रचंड चित्रफलकांवर प्रकाशयोजना बदलून सकाळ-संध्याकाळ किंवा धुके यांचा भास तेथे निर्माण केला जाई. पुढे हाच शब्द पार्श्वचित्रासमोर मांडलेल्या त्रिमितीय देखाव्यांना लागू झाला व संग्रहालयांतून असे देखावे रूढ झाले. प्रतिकृती-रेल्वेच्या कारागिरांनी पार्श्वचित्र, प्रकाश व दृक्‌भ्रम यांची तंत्रे मुख्यतः या परंपरेतून घेतली.

खेळण्यापासून देखाव्यापर्यंत : जर्मनीतील गपिंगेन येथे १८५९ मध्ये स्थापन झालेली मार्क्लिन ही संस्था प्रारंभी बाहुल्यांच्या घरांसाठी पत्र्याची भांडीकुंडी तयार करीत असे. तिने १८९१ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत रुळांसह वाढविता येणारी खेळण्यातील रेल्वे मांडली व रुळांमधील अंतरांना क्रमांक दिले. त्यामुळे एकदा घेतलेल्या संचात पुढे भर घालता येऊ लागली. या संचांबरोबर स्थानके, बोगदे व यारी यांसारख्या पूरक वस्तूही मिळत. त्या पत्र्याच्या असून त्यांवर चकचकीत रंग किंवा छापील विटांची नक्षी असे. मूल ज्या गोष्टीला बंदर म्हणे, ते बहुधा जमिनीवर मांडलेली पत्र्याची बोट व तिच्याशेजारी ठेवलेली यारी एवढेच असे.

प्रौढांच्या छंदाला संघटित रूप विसाव्या शतकाच्या आरंभी आले. लंडन येथे १९१० मध्ये ‘मॉडेल रेल्वे क्लब’ स्थापन झाला. अमेरिकेत मिलवॉकी येथे ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक १९३४ मध्ये निघाले व पुढच्याच वर्षी तेथे राष्ट्रीय संघटना स्थापन होऊन चाके व रूळ यांची मानके ठरविण्याच्या कामाला सुरुवात झाली. याच सुमारास लहान प्रमाणांचा प्रसार झाला. बिंग या जर्मन कारखान्याची १६·५ मिमी. रुळांतराची मेजावरील रेल्वे १९२२ मध्ये बाजारात आली. मार्क्लिन व ट्रिक्स यांच्या त्याच रुळांतराच्या विद्युत रेल्वे १९३५ मध्ये, तर हॉर्नबी या ब्रिटिश संस्थेची ‘डब्लो’ श्रेणी १९३८ मध्ये प्रचारात आली. पूर्वीच्या ३२ मिमी. रुळांतराच्या मानाने ही गाडी निम्म्या आकाराची असल्यामुळे तेवढ्याच मेजावर आगगाडीव्यतिरिक्त इतर गोष्टींना जागा मिळाली. निसर्गदृश्याचा विकास होण्यास ही साधी गोष्ट कारणीभूत झाली.

तथापि तत्कालीन अभिरुची चकचकीत वस्तूची होती. एंजिनाची प्रतिकृती करणारा कारागीर यांत्रिक अचूकपणा, पितळेची झळाळी व रंगाचे निर्दोष लेपन यांवर आपले श्रेय मोजत असे. महिनोन्‌महिने खपून केलेल्या एंजिनावर जाणूनबुजून काजळी फासणे अशा कारागिराला आपल्याच हातांनी केलेली नासधूस वाटे. जीर्णसंस्कार रूढ होण्यासाठी प्रथम ही मूल्यकल्पना बदलणे आवश्यक होते.

मॅडरपोर्ट : हा बदल घडविणाऱ्यांत इंग्लंडमधील जॉन एहर्न यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मॅडर व्हॅली’ नावाची काल्पनिक शाखा-रेल्वे उभारण्यास प्रारंभ केला. ही रेल्वे मॅडरपोर्ट या बंदरगावापासून निघून खोऱ्यातून आतील प्रदेशात जाते. गाव व रेल्वे कल्पित असली, तरी तीतील अनेक इमारती इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांतील खऱ्या इमारतींवरून घेतल्या होत्या. पुठ्ठा, कागद व लाकूड यांसारख्या साध्या साहित्यातून एहर्न यांनी घरे, गुदामे व धक्के तयार केले आणि ते वापरात असलेले दिसावेत असे रंगविले. त्यांचे अनुभव नियतकालिकांतील लेखांतून व पुढे लहान इमारतींची बांधणी आणि निसर्गदृश्याची रचना यांवरील पुस्तकांतून प्रसिद्ध झाले.

एहर्न यांच्या कामाचे वैशिष्ट्य त्यांच्या दृष्टीत आहे. त्यांच्यापूर्वी बहुतेक मांडण्यांत रूळ आधी टाकीत व उरलेल्या जागेत झाडे-घरे बसवीत. मॅडर व्हॅलीत प्रदेश आधी कल्पिलेला असून रेल्वे त्यातून वाट काढीत जाते. बंदर येथे रेल्वेच्या अस्तित्वाचे कारण ठरते. मालाची चढउतार ज्या धक्क्यावर होते, तेथूनच गाडीचा प्रवास सुरू होतो व गावातील दुकाने, घरे आणि रस्ते त्या व्यवहाराभोवती वसलेली दिसतात. एहर्न यांच्या निधनानंतर ही मांडणी ऑक्सफर्डशरमधील लाँग विटनम येथील पेंडन संग्रहालयात आली. रॉय इंग्लंड यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या या संग्रहालयात ती अद्याप जतन केलेली आहे.

जॉन ॲलन : अमेरिकेत जीर्णसंस्काराला लोकमान्यता मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील जॉन ॲलन (१९१३–७३) यांना दिले जाते. ॲलन हे व्यवसायाने छायाचित्रकार होते. ‘गोरी अँड डिफीटेड’ असा उच्चार होणारे व ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा श्लेष साधणारे नाव त्यांनी आपल्या काल्पनिक रेल्वेला दिले होते. जमिनीपासून छतापर्यंत पोहोचणारे डोंगर, जागा दुप्पट भासविणारे आरसे व प्रत्येक इमारतीवर दिसणारा वापराचा ठसा ही त्यांच्या मांडणीची लक्षणे होत. व्हार्नी या प्रतिकृती-उत्पादक संस्थेच्या जाहिरातींसाठी त्यांनी काढलेली छायाचित्रे अमेरिकेतील हजारो वाचकांनी पाहिली. छायाचित्रात चकचकीत रंग प्रकाश परावर्तित करतो व वस्तूचा खरा आकार तत्काळ उघड करतो; मळकट, निस्तेज पृष्ठभाग मात्र प्रतिकृतीला मूळ वस्तूइतकी मोठी भासवितो. जीर्णसंस्काराच्या प्रसारात मासिकांतील छायाचित्रणाचा वाटा त्यामुळे मोठा ठरला.

ॲलन यांचे ६ जानेवारी १९७३ रोजी निधन झाले. त्यानंतर दहा दिवसांनी त्यांच्या घराला आग लागून त्या मांडणीचा बहुतेक भाग नष्ट झाला. मॅडरपोर्ट टिकले आणि ॲलन यांची रेल्वे जळाली, या दोन घटना या कलेच्या इतिहासात नेहमी एकत्र स्मरणात ठेवण्याजोग्या आहेत. या कलेतील बहुतेक कृती खाजगी घरांच्या तळघरांत किंवा माळ्यांवर असतात व कर्त्यामागे त्यांना वारस मिळतोच असे नाही. ॲलन यांच्या कामाचे ज्ञान आज मुख्यतः छायाचित्रांवरून होते.

पुढील पिढीत जॉर्ज सेलिओस यांचा प्रभाव विशेष जाणवतो. त्यांनी १९६७ मध्ये ‘फाइन स्केल मिनिएचर्स’ ही संस्था स्थापन करून लाकडी इमारतींचे तपशीलवार संच बाजारात आणले. मॅसॅचूसेट्समधील पीबडी येथे त्यांनी १९८५ पासून उभारलेल्या मांडणीत मंदीच्या काळातील न्यू इंग्लंडमधील शहरी वस्तीचे चित्रण आहे. उडालेले रंग, वाकलेली छपरे व विटलेल्या जाहिराती यांची त्यात दाटी आढळते. या शैलीचे अनुकरण जगभर झाले आणि तिच्यावर टीकाही झाली. तिचा विचार पुढे केला आहे.

रचना व प्रमाण : बंदर-दृश्याची पहिली अडचण जहाजाच्या लांबीची असते. १ : ८७ या प्रमाणात आगगाडीचा मालडबा १५ सेंमी.च्या आसपास असतो. परंतु १०० मी. लांबीचे साधे मालवाहू जहाजही सु. १·१५ मी. जागा व्यापते. म्हणून कारागीर किनारी वाहतुकीची लहान गलबते, ओढबोटी, मच्छीमार होड्या व पडाव यांना पसंती देतात. मोठे जहाज दाखवावयाचेच असल्यास त्याचा पुढचा किंवा मागचा अर्धा भाग मांडणीच्या कडेला कापला गेल्यासारखा ठेवतात. पाण्याखालील भाग लागत नसल्यामुळे जहाज जलरेषेपाशी सपाट कापलेले असते.

दुसरी अडचण रुळांच्या वळणांची. प्रत्यक्षातही बंदर-रेल्वेला जागेची चणचण असते. धक्क्यावरील रूळ अत्यंत तीव्र वळणाचे असतात, वाघिणी एकेक करून फिरत्या मंचावर वळवाव्या लागतात व काही ठिकाणी त्या दोराने ओढाव्या लागतात. घरगुती मांडणीत ज्या तडजोडी अन्यत्र अवास्तव वाटतात, त्या बंदरात स्वाभाविक वाटतात. इंग्लंडमधील वेमथ बंदराचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. तेथे आगगाडी भर रस्त्यातून, घरांच्या दारांवरून धक्क्यापर्यंत जाई. नियमित प्रवासी गाड्या १९८७ मध्ये बंद झाल्या व पुढे बहुतेक रूळही काढण्यात आले. न्यूयॉर्क बंदरातील ब्राँक्स येथे सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी या कंपनीचे मालस्थानक तर अन्य कोणत्याही लोहमार्गाशी जमिनीवरून जोडलेले नव्हते. रूळ बसविलेल्या तराफ्यांवरून वाघिणी नदीतून तेथे आणीत व वर्तुळाकार गुदामाभोवतीच्या रुळांवर लावीत. हे स्थानक १९६१ मध्ये बंद झाले. ते इतके आटोपशीर होते, की कोणतीही काटछाट न करता ते एका खोलीत पूर्ण प्रमाणात उभारता येते. त्यामुळे हौशी कारागिरांत त्याला मोठी लोकप्रियता लाभली.

पाणी : लहान केलेल्या जगात पाण्याइतका असहकार करणारा दुसरा पदार्थ नाही. खरे पाणी वापरल्यास ते लहान होत नाही. त्याच्या पृष्ठताणामुळे होडीच्या कडेला ते वर चढलेले दिसते, लाटा प्रमाणाबाहेर मोठ्या व मंद दिसतात, धूळ साचते आणि विजेच्या तारा व लाकूड यांना धोका निर्माण होतो. म्हणून सुरुवातीपासून पाण्याचा आभास निर्माण करण्याकडे कल राहिला. प्रारंभी फळीवर गडद रंग देऊन त्यावर रोगणाचे अनेक थर चढवीत, किंवा खालून रंगविलेली, किंचित उंचसखल पृष्ठभागाची काच वापरीत. काचेची कडा धक्क्याच्या भिंतीला मिळते तेथील रेघ लपविणे कठीण जाई. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या ओल्या थरावर बोटांनी वा कुंचल्याने लाटा उठवून त्यावर रंग व चकाकी देण्याची पद्धत आजही उपयुक्त मानली जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पारदर्शक पॉलिएस्टर रेझीन व पुढे इपॉक्सी रेझीन उपलब्ध झाली. ती द्रवरूपात ओतून काही तासांत घट्ट होतात. जाड थर एकदम ओतल्यास रासायनिक विक्रियेच्या उष्णतेने तडे जातात, म्हणून पातळ थर एकावर एक देतात. पॉलिएस्टर रेझिनाची वाफ हानिकारक असल्यामुळे हवा खेळती ठेवणे आवश्यक असते. खोलीचा भास मुख्यतः तळाच्या रंगावर अवलंबून असतो : धक्क्याजवळ मातकट हिरवा, मध्ये काळपट हिरवा व प्रवाहाच्या मार्गात जवळजवळ काळा रंग देतात. बंदराचे पाणी निळे क्वचितच असते. गाळ, तेल व कोळशाची भुकटी यांमुळे ते गढूळ असते, ही गोष्ट नवशिक्या कारागिराला बहुधा शेवटी उमगते.

हँबर्ग येथील ‘मिनिआतूर वुंडरलँड’ या २००१ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या प्रदर्शनात मात्र खऱ्या पाण्याचा प्रयोग करण्यात आला. तेथील स्कँडिनेव्हिया विभागात (२००५) सु. ३०,००० लि. पाणी असून त्यात दूरनियंत्रित जहाजे फिरतात व भरती-ओहोटीचाही आभास निर्माण केला जातो. विस्तार पुरेसा मोठा असल्यामुळे खऱ्या पाण्याचे दोष तेथे काहीसे झाकले जातात.

जीर्णसंस्काराची तंत्रे : जीर्णसंस्कारात पदार्थाचे ज्ञान रंगकामाइतकेच महत्त्वाचे असते. उघड्यावरील लाकूड काळे न पडता राखाडी होते. कारण सूर्यप्रकाशाने त्यातील लिग्निन विघटित होते, पाऊस ते धुऊन नेतो आणि फिकट तंतू मागे उरतात. म्हणून लाकडी फळ्यांवर प्रथम तारेच्या कुंचल्याने रेषा ओढून मद्यार्कात पातळ केलेल्या काळ्या शाईचा हात देतात. शाई रेषांत उतरते व उंचवटे फिकट राहतात. लोखंडाचा ताजा गंज नारिंगी व जुना गंज गडद तपकिरी असतो. दोन्ही एकाच पत्र्यावर दाखविल्यास गळक्या जागेचा इतिहास दिसतो. उडालेला रंग दाखविण्यासाठी मीठ वापरण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. गंजाच्या रंगावर ओलसरपणा असताना मिठाचे खडे पसरतात, त्यावर वरचा रंग फवारतात आणि वाळल्यावर मीठ घासून काढतात. खडे होते तेथे खालचा गंज उघडा पडतो. काजळी व धूळ यांसाठी रंगीत खडूंची वस्त्रगाळ पूड वापरतात. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग फिरविल्यास कडांची झीज दिसते.

धक्क्याच्या खांबांवरील पट्टे ही बंदर-दृश्याची खास खूण होय. भरतीच्या कमाल रेषेजवळ काळपट पट्टा, त्याखाली बार्नॅकलांचा पांढुरका, खरखरीत थर आणि सर्वांत खाली ओले, गडद हिरवे-तपकिरी शैवल असा क्रम सामान्यतः आढळतो. हे पट्टे सर्व खांबांवर एकाच पातळीत असले पाहिजेत. पातळी चुकल्यास समुद्र तिरका दिसतो. भरती-ओहोटीतील अंतर ४ मी. असल्यास १ : ८७ या प्रमाणात पट्ट्यांची एकूण उंची सु. ४६ मिमी. भरते. दरवाजे लावून पाणी अडविलेल्या गोदीत पाण्याची पातळी फारशी बदलत नाही. तेथे हे रुंद पट्टे दाखविणे ही चूक ठरते.

दोरही सहजासहजी लहान होत नाही. वस्तूची लांबी निम्मी केली, की तिचे वजन एक-अष्टमांश होते. त्यामुळे प्रतिकृतीतील दोरा स्वतःच्या वजनाने खाली झुकत नाही, काडीसारखा ताठ राहतो. त्यावर मेण किंवा पातळ केलेला सरस चढवून, वजने टांगून त्याला इष्ट तो झोल देतात व तसाच वाळवितात. रंगांच्या बाबतीतही असाच विचार करावा लागतो. दुरून पाहिलेली वस्तू हवेमुळे फिकट दिसते, म्हणून मूळ वस्तूचा रंग जसाच्या तसा प्रतिकृतीवर दिल्यास तो भडक वाटतो.

कालनिश्चिती व ऐतिहासिक सत्य : जीर्णसंस्कारात प्रत्येक डाग कोणत्या तरी कारणाने पडलेला असतो आणि ते कारण विशिष्ट काळाशी बांधलेले असते. अमेरिकेतील मेन राज्यातील विस्कॅसेट बंदराचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. येथून ६१ सेंमी. रुळांतराची एक अरुंदमापी रेल्वे आतील भागात जात असे. तिचे मालक फ्रँक विंटर यांनी १९३२ मध्ये ‘हेस्पर’ व ‘लूथर लिटल’ ही चार डोलकाठ्यांची दोन स्कूनर गलबते लिलावात विकत घेतली. रेल्वेने आलेले लाकूड गलबतांतून न्यावे व परतीच्या फेरीत कोळसा आणावा, अशी योजना होती. ती सफल झाली नाही. रेल्वे १९३३ मध्ये बंद पडली व गलबते किनाऱ्याच्या चिखलात रुतून राहिली. पुढे सहा दशकांहून अधिक काळ ती तेथेच कुजत होती. डोलकाठ्या पडल्या, फळ्या सुटल्या आणि अखेरीस १९९८ मध्ये उरलेले अवशेष हलविण्यात आले. मधल्या काळात ती प्रवाशांचे आकर्षण बनली व असंख्य छायाचित्रांतून प्रसिद्ध झाली.

लहानगी आगगाडी, मोडका धक्का व शेजारी कुजणारी दोन गलबते हा देखावा कारागिराला मोह घालणारा आहे. परंतु गाड्या चालू असताना ती गलबते कुजलेली नव्हती आणि ती कुजली तेव्हा गाड्या चालू नव्हत्या. रेल्वे बंद पडली म्हणूनच गलबतांना माल मिळाला नाही व माल मिळाला नाही म्हणूनच ती कुजली. दोन्ही गोष्टी एकत्र दाखविणारा देखावा कितीही कुशलतेने केलेला असला, तरी त्यात कार्य व कारण एकाच क्षणी उभे केलेले असतात. म्हणून अनुभवी कारागीर देखाव्याचे वर्ष प्रथम ठरवितात आणि गंजाचा प्रत्येक ठिपका त्या वर्षाच्या कसोटीला लावतात.

अतिरिक्त जीर्णसंस्कारावरील आक्षेपही याच स्वरूपाचा आहे. गजबजलेल्या बंदरात झीज असते, पण दुर्लक्ष सर्वत्र नसते. जेथे दोर घासतो तेथील खुंट गुळगुळीत व चकाकणारा असतो, रोज वापरात असलेल्या रुळांचा माथा गंजत नाही, यारीच्या दंतचक्रांना वंगण असते आणि मोडलेली फळी बदललेली असल्याने जुन्या राखाडी फळ्यांत एखादी नवी पिवळसर फळी दिसते. ही झीज हमालांच्या व खलाशांच्या श्रमांची खूण असते. सगळेच बंदर सारख्या प्रमाणात गंजलेले दाखविले, की श्रमाची खूण नाहीशी होऊन केवळ अवशेषांची शोभा उरते. मंदीच्या काळातील वस्त्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. कारण तेथील उडालेला रंग हा कोणाच्या तरी बेकारीचा परिणाम असतो. या शैलीचे समर्थक असे म्हणतात, की दारिद्र्याकडे डोळेझाक करणाऱ्या चकचकीत मांडण्यांपेक्षा ही दृष्टी अधिक प्रामाणिक आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. डागामागील कारण कारागिराला ठाऊक आहे की नाही, यावर देखाव्याची योग्यता बव्हंशी अवलंबून राहते.

बंदरांचे परिवर्तन : ‘आयडियल एक्स’ हे जहाज २६ एप्रिल १९५६ रोजी ५८ धातूच्या पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. माल सुटा न हाताळता पेटीसह चढविण्याची ही पद्धत काही दशकांत जगभर पसरली. पोती, पिंपे व गासड्या एकेक करून उतरविणारे हमाल, धक्क्यालगतची बहुमजली गुदामे व त्यांच्यामधून वळणे घेणारे रूळ यांची गरज कमी झाली. लंडनमधील सेंट कॅथरिन गोदी १९६८ मध्ये, तर रॉयल गोद्या १९८१ मध्ये मालवाहतुकीला बंद झाल्या. हौशी कारागिरांनी निव्वळ आवडीने ज्या दृश्याचे तपशील जमविले होते, ते दृश्यच जगातून नाहीसे होऊ लागले. खुंटांची रचना, यारीच्या चौकटीचे माप, गुदामाच्या दारांवरील रंग अशा गोष्टी अधिकृत कागदपत्रांत क्वचितच नोंदविलेल्या असतात. त्या शोधून काढणाऱ्या हौशी मंडळींच्या मांडण्यांना त्यामुळे काही अंशी ऐतिहासिक साधनाचे मोल आले. हँबर्गचे प्रदर्शन ज्या श्पायखरश्टाट विभागात आहे, तो १८८३ पासून बांधलेला गुदामांचा विभाग असून २०१५ मध्ये त्याचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. ज्या इमारतींत पूर्वी बंदराचा माल साठवीत, त्यांपैकी एकीत आज बंदराची प्रतिकृती आहे.

अशा साधनांची विश्वसनीयता मर्यादित असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. प्रतिकृतीचे स्वतःचेही वय वाढते : रेझीन पिवळे पडते, पुठ्ठा ओल धरतो, सरस सुटतो व खऱ्या धुळीचा थर रंगविलेल्या धुळीवर बसतो. कर्त्याने मुद्दाम दाखविलेली जीर्णता व काळाने आणलेली जीर्णता यांत भेद करणे संग्रहालयांतील जतन करणाऱ्यांना अवघड जाते. कर्त्याने ठेवलेल्या नोंदी व छायाचित्रे यांना म्हणूनच प्रतिकृतीइतकेच महत्त्व आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ : मुंबई बंदरात प्रिन्सेस (१८८०), व्हिक्टोरिया (१८८८) व अलेक्झांड्रा (१९१४, नंतरची इंदिरा) या गोद्या बांधण्यात आल्या आणि बंदराची स्वतःची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली. दरवाज्यांनी पाणी अडविलेल्या गोद्या, त्यांच्याबाहेर मोठ्या भरतीच्या दिवसांत साडेतीन मीटरांहून अधिक वरखाली होणारा समुद्र, कापसाच्या गासड्या वाहणाऱ्या वाघिणी व मोसमी पावसाने काळवंडलेले दगडी बांधकाम यांमुळे बंदर-दृश्याला आवश्यक असलेली सर्व सामग्री येथे उपलब्ध आहे. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यानंतर पेट्यांची वाहतूक मोठ्या प्रमाणावर तिकडे वळली व जुन्या गोदीचे रूप पालटले. पुणे येथील कोथरूड भागात १९९८ मध्ये सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे महाराष्ट्रातील लोकांना चालत्या प्रतिकृती-रेल्वेचा परिचय झाला. निसर्गदृश्य लहान करून उभारण्याची कला मात्र येथे अपरिचित नाही. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले बांधून त्यांवर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगविणारी मुले तटाला चिखलाचा राप देतात व पायथ्याशी तळे करतात, तेव्हा प्रमाण, पाणी व जुनेपणा हेच तीन प्रश्न ती आपल्या परीने सोडवीत असतात. मुंबईच्या जुन्या गोदीत काम केलेल्या माणसांच्या आठवणी आणि तिच्या यार्‍या व गुदामांची मोजमापे वेळीच नोंदविली गेली, तर त्या गोदीचा देखावा विश्वसनीय रीत्या उभारणे पुढील पिढीला शक्य होईल.